मुलाला ब्लड कॅन्सर निघालाय, मोठे डॉक्टर बोलायला बोलवून राहिले, काय काय विचारायचं?

चोपड्याची आई

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत जातो. दिवाळीनंतर त्याचा ताप जातच नव्हता, रात्री पाय दुखतात म्हणून रडायचा, आम्हाला वाटलं दिवसभर उंडारतो म्हणून दुखत असतील, मग अंगावर निळे डाग दिसायला लागले आणि तोंड एकदम पांढरं पडलं. चोपड्यात सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी केली तर हिमोग्लोबिन ५ आणि प्लेटलेट १८ हजार, तिथल्या डॉक्टरांनी लगेच जळगावला पाठवलं आणि जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला. आता मुंबईतच आहोत, बोन मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाची टेस्ट झाली, रिपोर्टवर एएलएल लिहिलंय, ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार.

प्रॉब्लेम असा आहे की डॉक्टर चांगले आहेत पण बोलतात फार भरभर, अर्धं इंग्लिशमध्ये, बाहेर शंभर माणसं लाईनीत, मिस्टर नुसते हो सर हो सर करतात आणि बाहेर आल्यावर आम्ही दोघं एकमेकांना विचारतो की काय म्हणाले ते. परवा मोठे डॉक्टर बसवून सगळी ट्रीटमेंट समजावून सांगणार आहेत आणि सह्या घेणार आहेत. तिथे काय विचारायचं? जास्त विचारलं तर रागावतात का, पोराकडे दुर्लक्ष तर नाही ना करणार? बरा होईल का हे विचारायची तर माझी हिंमतच होत नाही. सासरे म्हणतात पोराला काही कळू द्यायचं नाही, पण तो रोज विचारतो मम्मी मला काय झालंय. गावाकडून सासूबाईंचा सारखा फोन, मना पोऱ्याले काय व्हयनं खरं सांग, आणि मला काय सांगावं सुचत नाही. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.


भुसावळचा बाबा

ताई, आधी एक सांगतो, माझ्या मुलीला हाच आजार होता, हाच एएलएल, ती आता आठवीत आहे आणि सायकलवर क्लासला जाते. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त हाच दिसतो आणि औषधांनी बरा होणाऱ्यांमध्ये याचा नंबर वरचा आहे. म्हणून बरा होईल का हा प्रश्न विचाराच. फक्त असा विचारा की "आमच्या मुलाचं वय, त्याचे रिपोर्ट, हे धरून अशा मुलांपैकी तुमच्याकडे किती बरे होतात, आणि कुठली गोष्ट झाली तर हा आकडा खाली येतो". नुसतं बरा होईल का विचारलं की डॉक्टर म्हणतात आपण प्रयत्न करू, त्यांचंही बरोबर आहे, ते गॅरंटी देऊ शकत नाहीत, पण आपल्याला त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या पद्धतीने विचारलं तर ते रिस्क ग्रुप सांगतात. सुरुवातीला पांढऱ्या पेशी किती होत्या, वय काय, आजार बी पेशींचा आहे की टी पेशींचा, जीन्सच्या टेस्टमध्ये काय आलं आणि पहिल्या महिन्यात औषधाला किती दाद दिली, यावर तो ग्रुप ठरतो. काही रिपोर्ट यायचे असतील तर ग्रुप नंतर बदलू पण शकतो, तेही विचारून ठेवा म्हणजे नंतर धक्का नको.

जास्त विचारलं तर रागावतात का म्हणाल तर एखादा घाईत तुटक बोलतो, आम्हाला पण असा भेटला होता, पण पोराकडे दुर्लक्ष कुणी करत नाही हो. उलट आईबाप काहीच विचारत नाहीत आणि नुसती मान हलवतात तेव्हा डॉक्टरांना वाटतं यांना सगळं समजलं, आणि इथेच घोटाळा होतो. आत गेल्या गेल्या स्पष्ट सांगायचं, "सर आम्ही चोपड्याचे, इंग्लिश समजत नाही, मराठीत सांगा आणि थोडं हळू सांगा". मग ते बोलले की थांबवून आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं, "म्हणजे सर, पहिला महिना ॲडमिट, मग परत बोन मॅरो, असंच ना?" आपण चुकलो की ते लगेच सुधारतात. माझा सगळ्यात जास्त फायदा यानेच झाला, वहीपेक्षाही जास्त. वही पण ठेवाच, पण लिहिणारा एक आणि बोलणारा एक पाहिजे, दोन्ही कामं एकाला होत नाहीत. मिस्टर मान हलवत असतील तर त्यांच्याकडे वही द्या आणि बोलायचं काम तुम्ही घ्या. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, न विचारता नको, बरेच डॉक्टर हो म्हणतात.

ट्रीटमेंटचा ढाचा साधारण असा असतो, डॉक्टर बोलतील तेव्हा समजायला सोपं जाईल. पहिला टप्पा इंडक्शन, चार-पाच आठवडे, त्यात स्टिरॉइड, व्हिनक्रिस्टिन, ॲस्परॅजिनेज वगैरे आणि पाठीतून म्हणजे मणक्यातून मेथोट्रेक्सेट देतात, कारण शिरेतली औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. मग पुढचे काही महिने जोरात किमो, आणि मग मेंटेनन्स, तो लांब असतो पण त्यात पोरगं बहुतेक घरी असतं आणि गोळ्या चालतात. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं धरा. हे दोन-अडीच वर्षं ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली होती, पण पूर्ण वेळ ॲडमिट नसतं, हे तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं.

आता एक गोष्ट परवाच डॉक्टरांच्या तोंडून समजून घ्या, ती म्हणजे पहिल्या महिन्यानंतर रिपोर्ट चांगला आला तरी औषध का चालू ठेवायचं. आपल्याकडे खूप लोक तिथेच सोडतात, पोरगं खायला-खेळायला लागलं, रिपोर्ट नॉर्मल, मग घरी नेतात आणि आजार परत येतो. मला डॉक्टरांनी आकड्यात सांगितलं तेव्हा डोक्यात बसलं. आजार सापडतो तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी खराब पेशी असतात. रेमिशन म्हणजे मायक्रोस्कोपखाली बोन मॅरोत ५ टक्क्यांपेक्षा कमी दिसल्या, पण तेव्हाही अंगात हजार कोटींपर्यंत लपलेल्या असू शकतात. म्हणून एमआरडी नावाची टेस्ट करतात, ती दहा हजार पेशींत एक खराब असली तरी पकडते. तुम्ही विचारा, "एमआरडी कधी होणार आणि त्यावरून पुढे काय बदलणार". आणि हे सासऱ्यांना पण सांगून ठेवा, कारण सहा महिन्यांनी "आता बरा दिसतो, कशाला पोराला सुया टोचून राहिले" असं घरातूनच सुरू होतं, माझ्या घरी झालं होतं.

पैशाचं आधीच बोला, लाजू नका. डॉक्टरांना सांगा आमची शेती किती, कमाई किती, ते सोशल वर्करकडे पाठवतात. महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान कार्ड आहे, टाटामध्ये मुलांच्या कॅन्सरसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, राहायला सेंट ज्यूड्सची घरं आहेत, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. जागा लगेच मिळेलच असं नाही पण नाव पहिल्या आठवड्यातच लावा. शेत विकायचा विचार करत असाल तर सोशल वर्करला भेटल्याशिवाय बिलकुल नको.


यावलकर_शेतकरी

ताई काळजी करू नका देव बरं करेल. आमच्याकडे एकाने गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस आणि प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस दिला होता, फरक पडला म्हणतात. किमोसोबत चालू ठेवायला काय हरकत आहे, साइड इफेक्ट तर काही नाही.


सिस्टर धुळे

दादा तुमचा हेतू चांगला आहे पण मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम करते म्हणून स्पष्ट सांगते, किमो चालू असताना यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलेत. आणि या मुलांना जी औषधं चालतात, मेथोट्रेक्सेट, सिक्स एमपी, ॲस्परॅजिनेज, ती सगळी आधीच लिव्हरवर ताण देतात. त्यात लिव्हर बिघडलं की किमो थांबवावी लागते आणि किमो थांबणं हे सगळ्यात मोठं नुकसान. कच्च्या रसाचं अजून वेगळं, पेशी कमी असताना न शिजवलेल्या गोष्टींतून इन्फेक्शन होतं.

चोपड्याच्या ताई, आधीच काही दिलं असेल तर परवा सांगून टाका. काढा, पुडी, अंगारा, गावातल्या डॉक्टरने तापासाठी मारलेलं इंजेक्शन, सगळं. रागावतील म्हणून लोक लपवतात. विशेष म्हणजे ते इंजेक्शन स्टिरॉइडचं होतं का ते बघा, चिठ्ठी किंवा रिकामी बाटली असेल तर फोटो मागवा. स्टिरॉइडने कॅन्सरच्या पेशी तात्पुरत्या कमी होतात, मग सुरुवातीचे आकडे खरे राहत नाहीत आणि रिस्क ग्रुप ठरवताना डॉक्टरांना ते माहिती असावं लागतं. दोष द्यायला नाही विचारत ते.

आता खान्देशातल्या माणसांनी विचारायलाच पाहिजे असा प्रश्न, जो मुंबई-पुण्याच्या लोकांना लागत नाही. "सर, घरी गेल्यावर रात्री दोनला ताप आला तर आम्ही काय करायचं?" किमो चालू असलेल्या मुलाचा ताप म्हणजे इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नसते. पांढऱ्या पेशी कमी असतील तर हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून पहिलं अँटिबायोटिक जायला पाहिजे. आता चोपड्याहून मुंबई म्हणजे अख्खी रात्र जाते. म्हणून डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या, मुलाचा आजार, कोणता टप्पा, ताप आला तर कोणतं अँटिबायोटिक, किती डोस, कोणत्या टेस्ट करायच्या, वॉर्डचा फोन नंबर. त्याच्या दोन-तीन झेरॉक्स करा आणि घरी गेल्यावर ताप यायच्या आधीच जळगावच्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाला भेटून दाखवून ठेवा, सिव्हिलमध्ये पण दाखवून ठेवा. आम्ही वॉर्डात बघतो, कॅज्युअल्टीतला ड्यूटी डॉक्टर किमोचं मूल बघून घाबरतो आणि मुंबईलाच न्या म्हणतो, त्यात सहा-आठ तास जातात. पत्र हातात असलं की तो पहिला डोस देतो, मग पुढे पाठवतो. तापाचा आकडा किती धरायचा ते पण लिहून घ्या, बरेच ठिकाणी १००.४ सांगतात. आणि ताप दिसला म्हणून घरचं क्रोसिन देऊन बसू नका, ताप दबतो पण इन्फेक्शन आत चालूच राहतं. आधी फोन.

अजून विचारा की मधल्या कोणत्या गोष्टी जळगावला किंवा नाशिकला होऊ शकतात. सीबीसी, कधी रक्त-प्लेटलेट चढवणं, काही साधी इंजेक्शनं, हे जवळ होत असेल तर डॉक्टर स्वतःच लिहून देतात, पण त्यांना तुमचं गाव किती लांब आहे ते कळलं पाहिजे ना. चोपडा म्हटलं तर कुणाला कळेल, जळगावच्या पुढे दीड-दोन तास असं सांगा.

मेंटेनन्समध्ये गोळ्या घरी देणार तेव्हा मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही. हे चुकून रोज दिलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर मराठीत वार लिहून घ्या, "फक्त सोमवारी" असं. आणि गोळी ओकली तर परत द्यायची का हे पण आत्ताच विचारा, ऐन वेळी कुणी सांगायला नसतं.

सही करायच्या आधी संमतीपत्र मराठीत मागा किंवा वाचून दाखवायला सांगा. प्रत्येक रिपोर्टची कॉपी फाईलला लावा. कागद मागायला भ्यायचं कारण नाही, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला सांगितलंय.


अमळनेरचा_पोरगा

मी जास्त लिहित नाही इथे, पण काकू तुमचा मुलगा रोज विचारतो हे वाचून राहवलं नाही. मी सात वर्षांचा असताना मला झाला होता, आता इंजिनिअरिंगला आहे. माझ्या घरी पण ठरलं होतं की मला सांगायचं नाही. मला फक्त रक्त कमी झालंय म्हणायचे. पण शेजारच्या कॉटवरच्या मुलाने मला पहिल्याच आठवड्यात नाव सांगितलं होतं. मग मला वाटायचं की घरचे बोलत नाहीत म्हणजे काहीतरी इतकं वाईट आहे की बोलता पण येत नाही. आई बाहेर जाऊन रडून यायची आणि डोळ्यात कचरा गेला म्हणायची, मी पण मग दुखलं तरी सांगायचो नाही, तिला अजून रडू येईल म्हणून. नंतर एका डॉक्टर मॅडमनी आईबाबांना विचारून मला सांगितलं, तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्या आहेत, औषध त्यांना मारतं, केस जातील पण परत येतील, सुई टोचली की दुखेल तेव्हा रडलास तरी चालेल, आणि हे तुझ्या चुकीमुळे झालेलं नाही. हे शेवटचं मला फार लागत होतं, कारण मी समजत होतो की शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा खाल्ला म्हणून झालं.

तर डॉक्टरांनाच सांगा की आमच्यासमोर त्याला त्याच्या भाषेत सांगा. आणि बोन मॅरो किंवा पाठीतलं इंजेक्शन असेल त्या दिवशी काही नाही काही नाही असं म्हणून नेऊ नका प्लीज, आदल्या दिवशी सांगा. गुंगी देणार का ते विचारा. मला फसवून नेलं त्याचा राग जास्त होता, सुईपेक्षा. अजून एक, किमोनंतर कधी लघवी लाल होते, तो डॉनोरुबिसिन नावाच्या किमोच्या लाल औषधाचा रंग असतो, मी रक्त समजून किंचाळलो होतो. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्टिरॉइड चालू असताना भूक इतकी लागते की रात्री उठून मी शेवभाजी-भाकर मागायचो आणि नाही दिली की भांडायचो, चिडचिड पण त्या औषधाचीच असते, त्याला रागावू नका.


पाचोरा_ते_परळ

वर सगळं आलंच आहे, मी फक्त गाडीचं सांगतो. हॉस्पिटलमधून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून सही-शिक्का घ्या. ट्रीटमेंटसाठी जाताना-येताना कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रिझर्वेशन काउंटरवर फॉर्म दाखवायचा. पुढची तारीख डॉक्टरांनी दिली की ओपीडीतून निघतानाच फॉर्म मागायचा, नंतर त्यासाठी परत लाईन लावावी लागते. पेशी कमी असताना जनरल डब्यात बिलकुल नेऊ नका, मास्क असला तरी.


भुसावळचा बाबा

अमळनेरच्या मित्रा, तुझं वाचून माझ्या मुलीला दाखवलं. ती म्हणाली बरोबर लिहिलंय त्याने.

ताई, सासूबाईंच्या फोनचं राहिलं होतं. घरातल्या एकाच माणसाला सगळी माहिती द्या, दीर असेल किंवा भाऊ, आणि बाकी सगळ्यांना सांगा त्यालाच विचारा. नाहीतर दिवसभर तुम्ही फोनवर तेच तेच सांगत राहाल आणि पोराजवळ बसायला वेळ राहणार नाही. सासूबाईंना मात्र तुम्ही स्वतः सांगा, आणि आजाराचं नाव घेऊन सांगा. गावात बाहेरून कळलं तर जास्त लागतं त्यांना. सासऱ्यांना जमलं तर परवा सोबत आत न्या. म्हातारी माणसं आपलं ऐकत नाहीत पण डॉक्टरने समोर बसून सांगितलं की ऐकतात.


चोपड्याची आई

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. काल मीटिंग झाली. मी सुरुवातीलाच म्हटलं मराठीत सांगा, तर ते डॉक्टर हसले आणि म्हणाले माझं आजोळ शिरपूरचं आहे. मग कागदावर चित्र काढून काढून सांगितलं. बी सेल आहे, सध्या स्टँडर्ड रिस्क धरलंय पण पहिल्या महिन्याच्या शेवटी एमआरडी झाल्यावर पक्कं सांगतील. बरा होण्याचं पण विचारलं, आवाज कापत होता पण विचारलं. ते म्हणाले अशा मुलांत बहुतेक जण बरे होतात पण ट्रीटमेंट मध्ये सोडायची नाही आणि ताप अंगावर काढायचा नाही, या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. मिस्टरांनी पाच पानं लिहिली. गावातल्या इंजेक्शनची चिठ्ठी दिराने पाठवली होती, ती दाखवली, त्यात डेक्सा म्हणजे स्टिरॉइडच होतं, डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहून घेतलं, एक शब्द रागावले नाहीत. सासरे आत आले होते, काही बोलले नाहीत, पण बाहेर आल्यावर स्वतःच म्हणाले पोऱ्याला सांगा काय ते. आज दुपारी मॅडम येऊन त्याला सांगणार आहेत.

पत्राचं बोलले, डिस्चार्जच्या वेळी देणार आहेत. सिस्टर, एक विचारायचं होतं. माझी धाकटी दीड वर्षाची आहे, ती गावी आजीजवळ आहे, रविवारी तिथे पोलिओचा डोस आहे. तिला द्यायचा का? काल हे विचारायचं राहून गेलं.


सिस्टर धुळे

ताई, आत्ता देऊ नका, आज राउंडला विचारा. तोंडातून देतात त्या पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, तो लहान मुलांच्या शीमधून बाहेर पडतो, आणि किमो चालू असलेलं मूल घरात येणार असेल तर भावंडांना शक्यतो ते थेंब देत नाहीत, इंजेक्शनवाला पोलिओ देतात. तो चालतो. तिच्या बाकीच्या लसी बंद करायच्या नाहीत, फक्त कोणती कधी ते मुंबईच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्या चिठ्ठीचा फोटो काढून दिराकडून गावच्या आशाताईंना दाखवा, म्हणजे त्या घरी आल्या की आजींना वाद घालायला नको. मुलाच्या स्वतःच्या लसी किमो संपेपर्यंत कुठेही द्यायच्या नाहीत, शाळेत कॅम्प असला तरी, मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय.